ऐरोलीचं फ्लेमिंगो सेंटर: भरती बघून जा आणि चिखलाला वेळ द्या

ठाण्यात राहून ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र अजून न बघितलेले बरेच जण ओळखीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. रिक्षावाल्याला हे लांबलचक नाव सांगू नका, फ्लेमिंगो सेंटर म्हणा, बरोबर सोडतात. ट्रान्स हार्बरने ऐरोली स्टेशन आणि तिथून रिक्षा. सोमवारी बंद असतं. वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, पण कॉलेजची मुलं फील्डवर्कला येतात, शाळांच्या सहली येतात आणि आपल्यासारखे साधे लोकही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटीचं बुकिंग आधी करा आणि ते करताना भरती-ओहोटी बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे चरायला उतरतात, पण अगदी सुकतीला बोटीला पाणीच पुरत नाही, आणि पूर्ण भरतीला चिखल बुडतो मग हेच पक्षी उडून नेरूळकडच्या टीएस चाणक्य, डीपीएसच्या पाणथळीवर जाऊन बसतात. म्हणजे मधली वेळ हवी. घरी कालनिर्णय असेल तर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, खाडीत आत थोडी उशिरा. रविवार बघून तारीख ठरवू नका, तिथी बघून ठरवा!

सीझन साधारण नोव्हेंबर ते मे. आम्ही फेब्रुवारीत गेलो, मी, ताई आणि तिचा आठवीतला मुलगा. पक्ष्यांजवळ आल्यावर तांडेलकाकांनी इंजिन बंद केलं आणि मग नुसता तो गॅ गॅ कलकलाट. छोट्या रोहितची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते, मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, एवढं लक्षात ठेवलं तरी दोन्ही ओळखू येतात. दोघंही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि चिखलपाणी गाळून खातात, छोटा मुख्यतः नीलहरित शेवाळ, आणि त्यांचा गुलाबी रंग खाण्यातूनच येतो. काकांना अजून जवळ न्या म्हणून गळ घालू नका प्लीज, थवा उडाला की त्यांचा चरायचा वेळ वाया जातो.

बरेच लोक बोट झाली की थेट घरी जातात. तसं करू नका, कांदळवनातली लाकडी वाट चाला, मला तर तीच जास्त आवडली. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. खाली पेन्सिली रोवल्यासारखी श्वसनमुळं. दोन मिनिटं न हलता उभं राहिलं की निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, परांवर सरपटत बाहेर येतात आणि फिडलर खेकड्याचा नर आपला एकच मोठा आकडा हलवत बसतो.

तिथेच कॉलेजची काही मुलं चिखलावर चौकट ठेवून तिच्यातली खेकड्यांची बिळं मोजत होती. खेकडे का नाही मोजत, असं भाच्याने विचारलं, तर त्यांच्या मॅडम म्हणाल्या, अरे माणूस दिसला की ते आत पळतात, बीळ मात्र जागेवर राहतं. मग तोही वाटेवरूनच मोजत बसला, हलेचना.

२०१५ मध्ये ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, सुमारे १७ चौरस किमी, आणि २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. तरीही मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात, त्या श्वसनमुळांवर बसल्या की झाड गुदमरतं. खूप वाईट वाटलं. निदान आपण नेलेलं रॅपर तरी परत आणा.

बाकी टोपी, पाणी, मच्छरांचं क्रीम, बंद शूज. दुर्बीण असेल तर न्याच, मोबाइलच्या झूमने फोटोत नुसते गुलाबी ठिपके येतात. लहान मुलं असतील तर आधी लाकडी वाट, मग बोट, कारण बोटीनंतर ती दमतात आणि चिखलाकडे बघतही नाहीत.