टेम्पो सुटायच्या आधी

मी पाड्यांवर फिरणारी नर्स. गरोदर बायकांच्या नऊ तारखेच्या तपासणीला ती आली नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. तिच्या माता-बाल कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर होतं. मागच्या बाळंतपणात आकडी आलेली, यंदा बीपी हळूहळू वर सरकत चाललेलं. दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन पाडा गाठला, तर दारात टेम्पो उभा. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं डालगं, सगळं चढलेलं. दिवाळी झाली की पालघरच्या मोखाड्यातले कित्येक पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, आणि आमच्या यादीतल्या जोखमीच्या माताही त्यांच्याबरोबर जातात.

तिला ओट्यावर बसवलं. बीपी १७०/११०, लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, दोन प्लस; आकडीचा धोका. आठवा महिना. "डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे येतात. उन्हानं असंल," ती म्हणाली.

१०८ ला फोन लावला, मग डॉक्टरांना. मॅगसल्फ, आकडी रोखणारं इंजेक्शन, मी पिशवीत ठेवतेच. गुडघ्यावर ठोकून पाय उडतो ना ते बघितलं आणि दोन्ही कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम खोलवर दिलं. "अंगात आग शिरल्यागत वाटेल, घाबरू नको." डॉक्टरांनी सांगितलेली बीपीची गोळीही गिळायला लावली.

खरं काम पुढेच होतं. नवरा म्हणाला, "बाई, उचल घेतलीय. आज नाही पोचलो तर शेठला काय सांगू?" त्याचंही खोटं नव्हतं, ते पैसे पावसाळ्यातच खाऊन संपले होते. अशा वेळी बाईला समजावून उपयोग नसतो, तिच्या हातात असतं काय? मी मुकादमालाच बाजूला घेतलं. "वाटेत हिला आकडी आली तर टेम्पो कुठं नेशील?" तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, नवरा मागाहून येऊ दे. उरली दोन पोरं. सासू तर भट्टीवर निघालेली. आशाताईंनी तिच्या आईच्या पाड्यावर माणूस धाडला. इंजेक्शनला काही मिनिटं लागली, या जुळवाजुळवीला तासाच्या वर. आणि या कामासाठी आमच्या एकाही रजिस्टरात रकाना नाही.

नाशिकला सिझर झालं. मुलगी, एक किलो सहाशे. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती.

जानेवारीत ती दोघं शेवटी भट्टीवर गेलीच. उचल फेडायची होती. तिकडच्या सिस्टरचा नंबर मिळवून मी कार्डाचा फोटो पाठवला. त्या बिचाऱ्या भट्टीवर जाऊन आल्या. बाळ दोन किलो नऊशे, अंगावर पितंय. आईचं बीपी मात्र १५०/१००, आणि गोळ्या संपून आठवडा झालेला. सिस्टरनी त्यांच्याकडच्या दिल्या.