जुना टोपोशीट, सिंगापूर नाळ आणि चुकलेली घळ

सिंगापूर नाळेने (पुणे जिल्ह्यातल्या सिंगापूर गावाजवळून घळीतून उतरणारी घाटवाट) कोकणात उतरायचा बेत असेल, तर आधी हे वाचा.

आमच्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाचा इंग्रजी अमदानीतला नकाशा (टोपोशीट) होता. ४७ एफ मालिकेतला, एका इंचाला एक मैल. कंटूर (समान उंचीच्या रेषा) फुटांत, घाटवाटा तुटक रेषांनी. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरून तो मोबाइलवर चढवला आणि आपली जागा दाखवणाऱ्या जीपीएसच्या निळ्या ठिपक्यामागे निघालो. तिथेच फसलो.

डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया. जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. डेटम न बदलता नकाशा बसवला की आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. घाटमाथ्यावर तेवढ्यात नाळ बदलते.

शेजारच्या घळीत शिरलो. सुरुवातीला घसारा, कारवी, मधेच गुरांचं शेण, त्यामुळे शंका आली नाही. मग घळ तुटलीच. पंचवीस-तीस फुटांचा सुका धबधबा, कातळ तुळतुळीत. शंभर फुटी दोर होता म्हणून उतरलो. खालून दोर ओढून घेतला आणि परतीचा मार्ग संपला. पुढे असेच आणखी दोन टप्पे. साडेतीन तास. वरून सुटलेला नारळाएवढा धोंडा डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला, तो आवाज अजून कानात आहे.

दापोलीत (हे महाड तालुक्यातलं) पोहोचल्यावर एक आजी म्हणाल्या, "तिकडनं कुणी येत नाही रे बाळांनो, ती वाट न्हवं."

नकाशा खोटा नाही. लिंगाण्याचे, रायगडाचे कंटूर आजही चोख जुळतात. पण तुटक रेषा सर्व्हे झाला तेव्हाची वाट दाखवते, आजची नाही. नकाशा बसवताना डेटम बदलाच. सर्व्हेच्या पोर्टलवरून ओपन सिरीजचा १:५०,००० नकाशा फुकट मिळतो, तोही शेजारी ठेवून ताडून बघा. आणि सिंगापूर किंवा मोहरीतून वाटाड्या घ्या. नाळेचं तोंड दाखवायला गावातल्या मामांना दहा मिनिटं लागतील, आम्ही मात्र ते पैसे वाचवायला गेलो.

मार्चनंतर नाळेत पाण्याचा थेंब नाही, माणशी तीन लिटर घ्याच. दापोलीतून रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडपर्यंत जीपवाल्याने अडीच हजार घेतले. अंधार पडल्यावर घासाघीस होत नाही, भाडं आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी रायगड केला. पायऱ्याच आहेत, सांगण्यासारखं काही नाही.