होडी पाहावी विकून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने कुणी म्हटलं त्याच्या दारात शिडाची होडी नसणार. असती तर तिसरा चरण त्यानेच जोडला असता. होडी घेताना माणूस शिडाकडे बघतो, चालवताना वाऱ्याकडे. खुद्द होडीकडे बघायची वेळ येते ती गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर. ते ओणवं होऊन डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठावर, कुठेतरी टिचकी मारतं, केबिनमध्ये डोकं घालून नाक फेंदारतं, आणि इतकी वर्षं आपल्याच पायाखाली असलेली जागा मालकाला पहिल्यांदा दिसते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तळं आणि वारा बघून हा मोह झाला, की स्वस्तात जी होडी समोर येते ती बहुधा कॅटालिना २२. फ्रँक बटलर यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात ती बांधायला घेतली आणि पुढे १५,००० हून अधिक बनल्या. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ फुटांच्या आत, वजन साधारण २,२५० पौंड. त्यातले सुमारे ५५० पौंड एकट्या कीलचे, म्हणजे होडीखाली लोंबणाऱ्या ओतीव लोखंडाच्या पात्याचे. हे पातं एका खिळीभोवती फिरतं. खाली सोडलं की होडीला ५ फूट पाणी लागतं, वर ओढून घेतलं की २ फुटांत भागतं. म्हणून ती ट्रेलरवर चढते आणि मोटारीच्या मागे घरी येते. चाळीस-पन्नास वर्षांची होडी हजार-दोन हजार डॉलरला मिळते आणि घेणाऱ्याला वाटतं, स्वस्तात पडली. स्वस्तात पडलेली वस्तू का पडली, हे विचारायची सवय भाजीच्या गाडीवर आपल्याला बरोबर असते. पाण्याकाठी ती का जाते, कोण जाणे.

लाकडी होडी खालून गळते. कोकणात तिच्या फटींत कापूस ठोकतात, आणि एकदा पाणी पिऊन फळ्या फुगल्या की ती शहाण्यासारखी वागते. फायबरग्लासची होडी गळते वरून, पावसाने, आणि धक्क्यावर नुसती उभी असतानाही. तिचं डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये प्लायवूड. कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, दोर ताणायचे रहाट म्हणजे विंच, हे सगळं या डेकला भोकं पाडून बसवलेलं असतं. भोकाभोवतीचं लुकण आठ-दहा वर्षांत सुकतं. मग पाणी बोल्टाच्या कडेने झिरपतं, प्लायवूडला मिळतं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच राहतं. लाकूड कुजतं. वरून डेक चकचकीत दिसतं, पाय ठेवला की किंचित दबतं.

परीक्षा साधी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेकवर वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. निरोगी जागा टणकन बोलते, भिजलेली जागा थप्प म्हणते. पिकलेलं कलिंगड निवडणाऱ्याला ही विद्या वेगळी शिकवावी लागत नाही. थप्प आवाज खुंटीभोवती तळहाताएवढ्या भागात येत असेल तर काम दोन सुट्ट्यांचं. कॉकपिटच्या, म्हणजे बसून होडी हाकायच्या उघड्या खळग्याच्या, अर्ध्या तळातून येत असेल, तर वरचा थर कापून आतलं लाकूड बदलायचं म्हणजे उन्हाळा गेला.

छोट्या जागेची दुरुस्ती अशी. खुंटी काढायची. पाव इंची बोल्टाचं भोक अर्ध्या इंचाचं करायचं, पण खालचा थर शक्यतो शाबूत ठेवून. ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा धरून भोकाच्या आतलं कुजकं लाकूड चहूबाजूंनी खरवडायचं, भुसा ओढून घ्यायचा आणि मग कोरडं होण्याची वाट बघायची. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ओल्या लाकडावर ओतलेला इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणारा डिंक, धरत नाही. तो ओल आत कोंडून ठेवतो, एवढंच. कोरडं झालं की खालून टेप लावायची, आधी पातळ इपॉक्सी पाजायचा, मग सिलिका घालून चक्क्याइतका घट्ट केलेला भरायचा. तो पुरता कडक झाल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा पाव इंची भोक. आता पाणी आलंच तर इपॉक्सीपाशी अडतं, लाकडापर्यंत पोचत नाही. भोकाच्या वरच्या ओठाला हलकी खोलगट कड द्यायची, म्हणजे तिथे लुकणाचं वळं बसतं. लुकण म्हणून ब्युटिलची टेप, च्युइंगमसारखी मऊ. नट खालून फिरवायचा आणि बोल्टाचं डोकं वरून पक्कं धरायचं. बोल्ट फिरला तर लुकण पिळून तुटतं. नट एका दमात आवळू नये. तीन-चार दिवस थोडा थोडा आवळला की जास्तीचं ब्युटिल हळूहळू बाहेर येत राहतं.

आधीच्या मालकाने या जागी बाथरूमचं सिलिकोन फासलेलं असतं, हे गृहीतच धरावं. सिलिकोन निघालं तरी त्याचा तेलकट अंश राहतो आणि त्यावर पुढे काही चिकटत नाही. त्याहून वाईट म्हणजे कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन. पुढच्या खेपेला खुंटी निघताना डेकचा वरचा लेप सोबत घेऊन येते. जे कधीतरी काढावं लागणार, ते कायमचं चिकटवणाऱ्याला काय म्हणावं?

डेकनंतर कील. ज्या खिळीवर तो लटकतो ती एक इंच जाडीची. वर्षानुवर्षं कील डुलत राहिला की खिळी झिजते, कीलमधलं भोक लांबट होतं आणि नांगरावर उभ्या होडीत रात्रभर ठक्‌ ठक्‌ असा आवाज येतो. नवी खिळी, दोन्ही बाजूंना चकत्या आणि खिळी धरणाऱ्या तुकड्यांचे बोल्ट तपासणं, हे काम होडी उचलल्याखेरीज होत नाही. खरी भीती कील वर ओढणाऱ्या केबलची. ती होडीच्या पोटात जिथे वळते, तिथे भिजत राहते आणि आतून गंजते. उघड्या हाताने ती चाचपू नये. जुनं फडकं तिच्यावरून ओढावं. कुठे धागा अडकला तर तार तुटायला लागली आहे, केबल त्याच दिवशी बदलावी. केबल तुटली की ५५० पौंड लोखंड धाडकन खाली झुलतं आणि होडीच्या फायबरला तडा देऊ शकतं. ट्रेलरवर असताना कील केबलवर लोंबकळत ठेवू नये, ट्रेलरच्या आडव्या दांड्यावर टेकवावा. विंचचं हँडल हातातून सुटलं तर मनगट मोडतं, हेही सांगून ठेवतो.

गंज काढून कील रंगवायचा असेल तर सकाळी ज्या भागाचं लोखंड घासून चकचकीत केलं, त्याला त्याच दिवशी इपॉक्सीचा पहिला हात बसला पाहिजे. दमट हवेत उघड्या लोखंडावर काही तासांतच नारिंगी छटा चढते आणि वरचा रंग तिच्यासकट पुढच्या वर्षी पापुद्र्यांनी सुटतो.

पाण्याखालच्या भोकांबद्दल थोडक्यात. जुन्या होड्यांत सिंकच्या नळीला चाकासारखा फिरणारा पितळी गेट व्हॉल्व असे. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. धातू गुलाबी दिसला की चाक फिरवून बघायच्या फंदात पडू नये, ते हातात येईल. होडी जमिनीवर असतानाच कांशाचा, पाव वळणात बंद होणारा कॉक बसवून टाकावा.

डोलकाठी २५ फुटांची. तिला धरणाऱ्या तारा स्टेनलेसच्या असतात आणि दगा देतात त्या मध्यावर नाही, टोकाला, जिथे तार फिटिंगमध्ये दाबून बसवलेली असते. तिथे पाणी साचतं, आत चीर पडते. भिंग धरून बघितलं तर गंजाची बारीक रेघ किंवा तुटलेला एखादा धागा दिसतो. खाऱ्या पाण्यात दहाएक वर्षं झाली असतील तर तारा दिसायला कितीही चांगल्या असोत, बदलाव्यात. शंभरातला एक तुकडा निकामी झाला तरी काठी खाली येते, नव्याण्णव चांगले होते याला अर्थ नाही. सुरुवातीच्या होड्यांत स्प्रेडरचे, म्हणजे या तारांना काठीपासून लांब धरणाऱ्या आडव्या दांड्यांचे, ब्रॅकेट ओतीव ॲल्युमिनियमचे होते आणि त्यांना चिरा पडतात. काठी आडवी आहे तोवर स्टेनलेसचे घालून टाकावेत. काठी उभी करण्यापूर्वी एकदा मान वर करून विजेच्या तारा बघाव्यात. ॲल्युमिनियमची काठी त्या तारांना लागून माणसं मेली आहेत.

आता सुधारणांचा शौक. जीपीएस, मोठा स्क्रीन, स्पीकर, निळे दिवे. विकताना यांतल्या कशाचाही पैसा परत येत नाही. थोडाफार येतो तो पुढचं शीड गुंडाळणाऱ्या फर्लरचा आणि शिडांचा. त्यातही नवी शिडं होडीच्या निम्म्या किमतीला सहज जातात, म्हणून आधी जुनी तपासावीत. डेक्रॉनचं कापड टिकतं, उन्हाने आधी मरते ती शिवण. अंगठ्याच्या नखाने टाके खरवडावेत. दोरा तुटला तर कापड बरं असूनही शीड पुन्हा शिवून घ्यावं. कापडच धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखं लागत असेल, तर मात्र शिवणीवर खर्च करू नये. शिडं वर खेचायचे दोर काठीच्या बुंध्यापासून कॉकपिटपर्यंत आणणं ही माझ्या मते सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी सुधारणा. दोन-तीन पुली, दोर पकडणारा क्लच आणि ८ मिलिमीटरचा, कमी ताणला जाणारा दोर. वाऱ्यात नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, धावायची गरज उरत नाही. फक्त त्यासाठी डेकला नवी भोकं पडतात, आणि ती कशी पाडायची ते वर आलंच आहे.

विजेत कलई केलेल्या तांब्याचीच तार, आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. मोटर चार ते सहा अश्वशक्तीची पुरते, पण लांब दांड्याची हवी, नाहीतर लाटेवर पंखा हवेत फिरतो. तिच्या तक्रारी बहुतेक इंधनाच्या असतात. इथॅनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा पितं आणि पडून राहिलं की कार्बोरेटरची सुईएवढी भोकं बुजवतं. हंगाम संपताना कार्बोरेटर रिकामा केला तर वसंतात दोरी ओढून खांदा निखळत नाही.

अमेरिकेच्या उत्तरेकडे ऑक्टोबरात होड्या पाण्याबाहेर येतात. कोकणात पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी होड्या शाकारतात, तोच हा संसार, फक्त ऋतू वेगळा. फरक असा की झावळ्यांतून वारा खेळतो. निळी ताडपत्री घट्ट बांधली तर आत घाम येतो, गाद्यांना बुरशी धरते आणि एप्रिलमध्ये केबिन उघडली की जो वास येतो, त्यापुढे कुठलीही उदबत्ती चालत नाही. आडवी काठी आढ्यासारखी ठेवून ताडपत्री तिच्यावरून उतरती सोडावी, दोन्ही टोकं उघडी ठेवावीत आणि गाद्या घरात न्याव्यात.

हा वास विक्रीत पाचशे डॉलर खातो. गिऱ्हाईक आधी हुंगतं, मग बघतं. म्हणून जाहिरातीआधी होडी रिकामी करावी: अर्धे रंगाचे डबे, तुटक्या पुली, कडक झालेली लाइफ जॅकेटं. कॉकपिटचे कप्पे साबणाने धुवावेत. विकायची वेळ मार्च-एप्रिल. ऑक्टोबरात होडी घेणारा माणूस वास्तविक थंडीत होडी ठेवायच्या भाड्याची सूट मागत असतो. दोष स्वतःच लिहावेत, फोटोसकट. थप्प वाजणारी जागा खडूने गोल करून दाखवली की घासाघीस तिच्याभोवतीच फिरते, इतरत्र भटकत नाही. खर्चाच्या पावत्यांची फाइल दाखवावी, पण त्यांची बेरीज सांगू नये. गिऱ्हाईकाला ती नको असते, आणि घरातल्या माणसांनाही.

ट्रेलरशिवाय ही होडी विकणं अवघड, आणि टायर बघायला विसरणारा विरळा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर लांबच्या प्रवासाला नको. कागदांत होडीचा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मागच्या फळीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या होड्यांना तो सक्तीचा आहे. ट्रेलरचे कागद वेगळे असतात. मागितल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून ‘उरलेले वाहतूकवाल्याला द्या’ म्हणणारा ग्राहक भेटला तर त्याला नमस्कार करावा. चेक बनावट निघतो आणि तुमचे पैसे खरे असतात. मालकी बदलल्याची नोंद स्वतः जाऊन करावी, नाहीतर होडी पुढच्या वर्षी कुठल्या खाडीत बुडाली तर बिल तुमच्या दारात येतं.

पैसे मिळाले, चाव्या दिल्या, की काठी होडीवर आडवी बांधायला मदत करावी. साडेएकवीस फुटी होडीवर २५ फुटांची काठी कुठल्या ना कुठल्या टोकाला बाहेर येतेच. मागे चार फुटांहून जास्त आली तर बहुतेक राज्यांत टोकाला लाल फडकं लागतं. ते फडकं शिडांच्या पिशवीच्या तळाशी असतं. ते काढून बांधून द्यावं आणि मग ट्रेलरचे दिवे लागतात का, ते मागे उभं राहून बघावं.