लेन क्रमांक पाचच्या मागे

शंभर मीटरच्या शर्यतीत खेळाडूंच्या पाठीमागे, प्रत्येक लेनमागे एक याप्रमाणे, आठ जण प्लॅस्टिकच्या टोपल्या घेऊन उभे असतात. टीव्हीवर शर्यत पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाहीत, आणि येऊ नयेत अशीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पुरुषांच्या वेगवान शर्यतींसाठी त्या टोपलीवाल्यांपैकी मी एक होतो. ते काम मिळवण्यासाठी आणि ते निभावण्यासाठी काय काय करावे लागले, ते येथे लिहितो आहे.

मी मूळचा सांगलीचा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी त्या काळात दिल्लीत मुखर्जीनगरला राहत होतो. स्वयंसेवकाचा अर्ज मी आणि माझ्या लातूरच्या खोलीमित्राने गंमत म्हणून एकाच दिवशी भरला होता. पुढे पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. तो मुख्य परीक्षेच्या तयारीला लागला आणि मला अचानक भरपूर वेळ मिळाला. मुलाखतीत मला विचारले गेले, की खेळाशी तुमचा काय संबंध? शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत शंभर मीटर धावलो होतो, तेवढेच सांगण्यासारखे होते. आमच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारलेल्या असत, ब्लॉक नसल्यामुळे पाय रोवण्यासाठी आम्ही मातीत खड्डे खणत असू आणि सर लाकडी क्लॅपर वाजवून शर्यत सोडत. हे ऐकून मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या, पण त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. त्या खुणेमुळेच मला ॲथलेटिक्स मिळाले असावे, असे मी आजही मानतो.

निवड होणे सोपे होते. ओळखपत्र मिळणे अवघड होते. स्पर्धेच्या ओळखपत्रावर धारकाला कोणत्या स्टेडियमच्या कोणत्या भागात जाता येईल याचे आकडे छापलेले असतात. माझ्या पत्रावर स्टेडियमचे नाव बरोबर होते, परंतु धावमार्गाजवळ जाण्याचा आकडाच नव्हता. याचा अर्थ असा, की मी प्रेक्षकांना आसने दाखवू शकलो असतो, पण ज्या कामासाठी मला निवडले होते तेथवर पोहोचू शकलो नसतो. दुरुस्तीसाठी मी चार वेळा खेटे घातले. पहिल्या वेळी रांग संपायच्या आत खिडकी बंद झाली, दुसऱ्या वेळी संगणक बंद होता, तिसऱ्या वेळी खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता ‘कल आना’ एवढेच सांगितले. चौथ्या वेळी मी सकाळी साडेसहालाच जाऊन बसलो आणि पत्र बदलून मिळाले. या काळात कंटाळून घरी बसलेले काही स्वयंसेवक मला ठाऊक आहेत. वर्तमानपत्रांत त्यांना ‘पळून गेलेले’ म्हटले गेले, ते मला पटले नाही.

तेव्हा दिल्लीतले वातावरणही फारसे उत्साहाचे नव्हते. २१ सप्टेंबरला स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले होते आणि शहरात डेंग्यूची साथ होती. आईचा रोज फोन येई आणि ती रोज हेच विचारी, की तो पूल तुझ्या वाटेवर आहे का रे? ३ ऑक्टोबरला, म्हणजे उद्घाटनाच्याच दिवशी, केंद्रीय सचिवालयापासून सरिता विहारपर्यंतची नवी मेट्रो सुरू झाली. त्यानंतर जी.टी.बी. नगरहून निघून एकदा गाडी बदलली, की मी थेट स्टेडियमच्या दारात उतरू लागलो.

प्रशिक्षण दोन टप्प्यांत झाले. पहिल्या टप्प्यात एका सभागृहात शेकडो जणांना बसवून पाहुण्यांशी कसे बोलावे ते सांगितले गेले. त्यातले काहीच माझ्या लक्षात नाही. दुसरा टप्पा प्रत्यक्ष धावमार्गावर झाला आणि तो एका निवृत्त पंचांनी घेतला. त्यांचे पहिले वाक्य असे होते, की तुमचे काम टोपली उचलणे हे नाही, न हलणे हे आहे. सुटण्याच्या रेषेवर खेळाडू ‘सेट’च्या स्थितीत असताना त्याच्या मागे कोणी पाय बदलला, खोकला किंवा टोपली खाली टेकवली, तर त्या आवाजाने तो सुटू शकतो आणि सुटला तर तो बाद होतो. नियम त्याच वर्षी, १ जानेवारी २०१० पासून, कडक झाला होता. त्याआधीची काही वर्षे पहिली चुकीची सुरुवात साऱ्यांच्या नावावर ताकीद म्हणून धरली जाई आणि त्यानंतर चुकणारा बाद होई. आता पहिल्याच चुकीला घरचा रस्ता होता. ब्लॉकला जोडलेले यंत्र पायाचा दाब मोजते. बंदुकीचा आवाज झाल्यापासून ०.१०० सेकंदाच्या आत पाय हलला, तर ती चुकीची सुरुवात धरली जाते, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर प्रतिसाद देणे माणसाला शक्य नाही असे गृहीत धरलेले आहे.

प्रत्येक ब्लॉकच्या मागे एक छोटा ध्वनिवर्धक ठेवलेला असतो आणि त्याची तार आमच्या पायांजवळून जाते. तो कशासाठी, हे मला सरावाच्या दिवशी कळले, तेही त्या तारेत बूट अडकून मी जवळजवळ आडवा झाल्यावर. पंच रागावले नाहीत. त्यांनी मला उभे करून हिशेब मांडायला लावला. एक लेन १.२२ मीटर रुंद, म्हणजे पहिल्या लेनपासून आठव्या लेनपर्यंत साधारण साडेआठ मीटर अंतर. सोडणारा पंच पहिल्या लेनच्या बाजूला उभा असेल आणि आवाज फक्त हवेतून जात असेल, तर तो आठव्या लेनला सुमारे ०.०२५ सेकंद उशिरा पोहोचेल. शंभर मीटर दहा सेकंदांत धावणारा माणूस तेवढ्या वेळात पंचवीस सेंटिमीटर पुढे जातो. म्हणून प्रत्येकाच्या पाठीशी स्वतंत्र आवाज. ते म्हणाले, “अब इस तार को साँप समझो.” त्यानंतर मी त्या तारेवर कधी पाय दिला नाही.

शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीत माझ्याकडे पाचवी लेन होती. खेळाडू आधी कॉल रूममध्ये बसतात. तेथे त्यांच्या बुटांचे खिळे मोजले जातात (अकरापेक्षा जास्त नाहीत आणि नऊ मिलिमीटरपेक्षा लांब नाहीत), छातीवरचे क्रमांक पाहिले जातात आणि मोबाइल काढून घेतले जातात. मग लेनच्या क्रमाने ओळ बाहेर येते आणि आम्ही टोपल्या घेऊन त्यांच्या मागोमाग चालतो. माझ्या लेनमधला पहिला धावपटू एका छोट्याशा बेटावरच्या देशाचा होता. त्याने ब्लॉक लावले, दोनदा सुटून पाहिले, परत येऊन मागचा ब्लॉक एक खाच पुढे घेतला आणि मग कपडे काढायला सुरुवात केली. बाकीचे टी-शर्ट भिरकावत होते. याने मात्र तो दुकानात घालतात तशी घडी घालून टोपलीत ठेवला, त्यावर पँट ठेवली, बुटांत मोजे कोंबले आणि बुटांची टोके शर्यतीच्या दिशेला वळवून ठेवली. मग माझ्याकडे पाहून ‘थँक यू, सर’ म्हणाला. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणीतरी सर म्हटले होते, आणि उत्तर द्यायची मला परवानगी नव्हती.

पुढचे अर्धे मिनिट मी कधीही विसरणार नाही. ‘ऑन युअर मार्क्स’ झाले, आठही जण गुडघ्यावर आले, आणि ध्वनिवर्धकावरून शांततेची विनंती झाल्यावर स्टेडियममधला गोंगाट विरत गेला. ‘सेट’ म्हटल्यावर माझ्यासमोर एका ओळीत आठ पाठी वर आल्या. पोटरीचा एक स्नायू थरथरत होता, तो मला दोन मीटरवरून दिसत होता. मी श्वास रोखलेला आहे हे मला बंदूक वाजल्यावरच कळले.

आणि मग त्या शर्यतीत पुढे काय झाले, ते मला दिसलेच नाही. ते पळाले त्याच क्षणी आम्हाला टोपल्या उचलून निघायचे होते, कारण धाप टाकत शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचलेल्या खेळाडूला त्याचे बूट लगेच हवे असतात आणि पुढच्या फेरीचे आठ जण आमच्या मागे येऊन उभे राहिलेले असतात. त्या दिवशी मी कितीतरी शर्यती सुटताना पाहिल्या. संपताना एकही पाहिली नाही. निकाल मला पत्रकारांच्या जाळीजवळ टोपली देताना खेळाडूच्या चेहऱ्यावरून कळत असे. घडी घालणारा माझा धावपटू पुढच्या फेरीत गेला नाही. त्याने बूट घातले, टी-शर्टची घडी मोडली आणि त्या टी-शर्टनेच तोंड पुसले.

७ ऑक्टोबरच्या अंतिम शर्यतीला मी राखीव होतो, म्हणजे आठांपैकी कोणी आजारी पडले तरच मला टोपली मिळणार होती. म्हणून मी सुटण्याच्या रेषेमागे भिंतीशी उभा होतो आणि पहिल्यांदाच एक शर्यत पूर्ण पाहिली. पण पाठीमागून पाहणाऱ्याला शंभर मीटरमध्ये कोण पुढे आहे ते कळत नाही. आठ पाठी सारख्याच वेगाने लहान होत जातात, शेवटी त्यांतल्या काही पुढे झुकतात आणि मग फलकाकडे पाहावे लागते. फलकावर जमैकाच्या लेरोन क्लार्कचे नाव वर आले, १०.१२ सेकंद. इंग्लंडचा मार्क लुईस-फ्रान्सिस १०.२० आणि त्रिनिदादचा आरॉन आर्मस्ट्राँग १०.२४. उसेन बोल्ट, असाफा पॉवेल, योहान ब्लेक यांपैकी कोणीही दिल्लीला आले नव्हते आणि १९९८ मध्ये क्वालालंपूरला ॲटो बोल्डनने नोंदवलेल्या ९.८८ च्या स्पर्धाविक्रमाला कोणी हात लावला नव्हता. यावरून आमच्याच काही सहकाऱ्यांनी नाके मुरडली. मला तो उद्धटपणा वाटला. ज्याने कधी मातीत खड्डे खणून शंभर मीटर पळून पाहिले आहे, त्याला १०.१२ हा आकडा लहान वाटत नाही.

त्याच संध्याकाळी महिलांच्या अंतिम शर्यतीत नव्या नियमाची धार दिसली. चुकीच्या सुरुवातीबद्दल इंग्लंडच्या लॉरा टर्नरला दोषी धरले गेले, तरी ती निषेध नोंदवून धावली. ऑस्ट्रेलियाची सॅली पिअरसन पहिली आली आणि त्यानंतर तीच चुकीच्या सुरुवातीबद्दल बाद झाली. आम्हा टोपलीवाल्यांमध्ये त्या रात्री बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही. आपण हललो नव्हतो ना, हे जो तो मनातल्या मनात तपासत असावा.

१२ ऑक्टोबरला, ॲथलेटिक्सच्या शेवटच्या संध्याकाळी, मला चार बाय शंभर मीटर रिलेसाठी दुसऱ्या बदलावर, म्हणजे दुसरा धावपटू तिसऱ्याच्या हातात बॅटनची नळी देतो तेथे, पाठवले. ही जागा समोरच्या सरळ भागाच्या टोकाला, वळण सुरू होते तेथे येते. शेवटच्या रेषेपासून स्टेडियममधली ती सर्वांत दूरच्या जागांपैकी एक. सुरुवातीला रिकाम्या खुर्च्यांबद्दल जी टीका झाली होती, तिचा त्या संध्याकाळी मागमूसही नव्हता. आदल्या दिवशी कृष्णा पुनियाने थाळीफेकीत सुवर्ण मिळवले होते. १९५८ मध्ये कार्डिफला मिल्खासिंगांनी ४४० यार्ड ४६.६ सेकंदांत जिंकले, त्यानंतर राष्ट्रकुल ॲथलेटिक्समधले भारताचे ते पहिलेच सुवर्ण. त्याआधी, ८ तारखेला, आपल्या नाशिकच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेतले होते आणि मी मुखर्जीनगरमधल्या निम्म्या मराठी पोरांना फोन केले होते.

रिलेत बॅटन घेणारा धावपटू उलट्या दिशेने पावले मोजत जातो आणि धावमार्गावर एक चिकटपट्टी लावतो. येणारा साथीदार त्या पट्टीवर आला, की मागे न पाहता सुटायचे. तेव्हा बदलाचा पट्टा वीस मीटरचा होता आणि त्याआधी वेग घेण्यासाठी दहा मीटर मिळत. पट्टी एक पाऊल इकडेतिकडे झाली, तर बॅटन पट्ट्याच्या बाहेर जातो आणि संघ बाद होतो. मी उभा होतो तेथून चिकटपट्ट्यांची पूर्ण रांग दिसत होती, पिवळी, पांढरी, गुलाबी. या जागेवर मला सुटणाऱ्यांच्या पाठी तर दिसणार होत्याच, पण पहिल्यांदाच माझ्याकडे धावत येणारे चेहरेही दिसणार होते.

ते आले ते आवाजासकट. भारतीय लेनमधली देवाणघेवाण मी डोळ्यांनी पाहिली असे म्हणवत नाही, कारण सगळे मिळून दोन सेकंदांत आटोपले. हात मागे गेला, बॅटन बसला, आणि बॅटन देऊन मोकळा झालेला आमचा माणूस वेग आवरत माझ्यासमोरून थोडा पुढे जाऊन थांबला आणि गुडघ्यांवर हात ठेवून फलकाकडे पाहू लागला. मीही पाहू लागलो. इंग्लंड ३८.७४, जमैका ३८.७९, भारत ३८.८९. रहमतुल्ला मोल्ला, सुरेश सत्य, शमीर मोन आणि अब्दुल नजीब कुरेशी यांना कांस्यपदक आणि राष्ट्रीय विक्रम. पहिल्यात आणि तिसऱ्यात सेकंदाच्या पंधरा शतांशांचा फरक होता. न हलण्याचा नियम मी त्या संध्याकाळी मोडला, पण तोपर्यंत शर्यत संपलेली होती. हा विक्रम पुढे चौदा वर्षांहून अधिक काळ टिकला. एप्रिल २०२५ मध्ये चंडीगडला तो ३८.६९ झाला.

लगेच पुढच्या शर्यतीची तयारी होती, म्हणून आम्हाला धावमार्गावरच्या पट्ट्या काढायला सांगितले. दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या पृष्ठभागावर त्या पक्क्या बसल्या होत्या आणि नखांनी खरवडून काढाव्या लागल्या. जवळपास कचऱ्याचा डबा नव्हता, म्हणून मी साऱ्यांचा एक गोळा करून खिशात कोंबला आणि महिलांच्या चार बाय चारशेच्या सुवर्णाच्या गडबडीत त्याला विसरलो.

दिवाळीला सांगलीला गेलो तेव्हा आईने ती पँट धुवायला घेतली आणि मोरीतूनच हाक मारली, “हे खिशात काय रे चिकटलंय, निघता निघत नाही?”