लेबल युनिट बंद, पल्स चालू

चाकणच्या एका पॅकिंग लाइनवर आमचा कंट्रोलर, म्हणजे लाइन चालवणारा छोटा संगणक, अधूनमधून अडकत होता. "मॅडम, बंद करून चालू केलं की होतं नीट," सुपरवायझर म्हणाले. होत होतं, पण दर वेळी अर्धवट सील झालेली पाकिटं फेकावी लागत.

एकेक वायर तपासत ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं उपकरण) लेबल युनिटच्या एन्कोडरवर, म्हणजे रोलर फिरला की पल्स पाठवणाऱ्या सेन्सरवर, लावला. त्या पाळीत लेबलं लागतच नव्हती, रोलर जागचा हलत नव्हता, तरी पडद्यावर पल्स धडाधड येत होते. केबलचं शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारं आवरण, पॅनेलपाशी सुटलं होतं. प्रत्येक खोट्या पल्सला एक इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून आधी इकडे बघ असा प्रोसेसरला इशारा. प्रोसेसरचा वेळ त्यातच जात होता.

मला थेट अपोलो 11 आठवलं. 20 जुलै 1969 ला चांद्रयान उतरत होतं, तेव्हा रॉन्देव्हू रडारचं, म्हणजे परतताना मुख्य यान शोधणाऱ्या रडारचं, काहीच काम नव्हतं. पण रडारच्या आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याची फेज जुळत नसल्याने अँटेनाचा कोन बदलतोय असे खोटे पल्स येत राहिले, आणि ते मोजण्यात संगणकाचा सुमारे 15 टक्के वेळ गेला. दर 2 सेकंदांनी सुरू होणारं मार्गदर्शनाचं काम संपायच्या आत पुढचं दाराशी उभं. कामांसाठी राखलेल्या जागा भरल्या आणि 1202 चा इशारा झळकला.

यापुढचं वाचताना मी आजही थक्क होते. बदलत्या मेमरीचे जेमतेम 2,048 शब्द हाताशी असताना यानाचा संगणक घडवणाऱ्या एमआयटी या अमेरिकी संस्थेच्या मंडळींनी अशी वेळ येणार हे धरूनच प्रोग्राम लिहिला होता. हॅल लॅनिंग यांच्या रचनेत प्रत्येक कामाला अग्रक्रम होता. जागा संपल्या की सगळं पुसायचं आणि महत्त्वाचं तेवढंच, नोंदवलेल्या टप्प्यापासून, पुन्हा उचलायचं. यानातले अंतराळवीर ऑल्ड्रिन यांनी मागितलेले आकडे स्क्रीनवरून गेले. इंजिनावरचा ताबा सुटला नाही. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात इंजिनिअर जॅक गारमन यांच्यासमोर अशा इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी तयार होती, कारण आधीच्या एका सरावात अशाच इशाऱ्यामुळे उतरणं सोडून द्यावं लागलं होतं.

शील्ड लगेच जोडून घेतलं, पण तेवढ्यावर मला निघवेना. कामांची क्रमवारी नव्याने लावली: सीलिंगचं तापमान आणि कटर शेवटपर्यंत चालणार, स्क्रीन आणि नोंदी आधी सुटणार. मग फंक्शन जनरेटरने (हवे तसे सिग्नल तयार करणारं उपकरण) त्याच केबलवर मुद्दाम खोटे पल्स सोडले. स्क्रीन गोठली, कटर मात्र खुणेवरच पडत होता. सुपरवायझरांचं म्हणणं, पाकिटांची मोजणीही टिकली पाहिजे. रास्त होतं. मोजणी वर घेतली आणि पुन्हा पल्स सोडले.