झुल्याखालची वाळू

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी ट्यूशनच्या मुलांना अपूर्णांक शिकवत होते, आणि समोरच्या मैदानातून एकदम रडणं ऐकू आलं. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीचा झुल्याच्या साखळीवरून हात सुटला होता आणि ती हनुवटीवर आपटली होती. झुल्याखाली सिमेंटचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, होते. महिनाभरापूर्वीच बसवलेले, लाल-पिवळे, नवे कोरे. हनुवटीला चार टाके पडले. तिच्या मागे नंबर लावून माझी मुलगी उभी होती.

दवाखान्यातून परत येताना शेजारच्या मुलीची आई म्हणाली, "ताई, नवीन केलं म्हणून तर मी तिला एकटीला पाठवून राहिली होती." ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. मैदान जुनं, मोडकं होतं तेव्हा आम्ही सगळ्या आया कडेला उभ्या राहायचो. सुधारणा झाली म्हणून निर्धास्त झालो.

आमचा ले-आउट दक्षिण नागपुरात, रिंग रोडच्या पलीकडे. मैदान साधारण वीस हजार चौरस फुटांचं. मंजूर नकाशात त्यावर 'खुली जागा' असं लिहिलेलं आहे, आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या तुकड्यावर 'पी.यू.', म्हणजे सार्वजनिक उपयोगाची जागा. ले-आउट पाडताना सुमारे दहा टक्के जमीन अशी मोकळी सोडावी लागते. प्लॉट घेतला तेव्हा आम्ही फक्त आमच्या प्लॉटचे कागद पाहिले होते. मैदानाचा कागद पाहावा असं कोणाच्या मनातही आलं नाही.

पहिला प्रश्न हाच होता की हे मैदान कोणाचं. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. नागपुरात महापालिका आहे आणि नागपूर सुधार प्रन्यासही आहे. प्रन्यासची स्थापना १९३६ च्या कायद्याने झाली, महापालिका १९५१ पासूनची. शहराचे किती तरी भाग प्रन्यासने वसवले. पुढे २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि अनधिकृत ले-आउट नियमित करण्याचं काम सुरू झालं. अशा ले-आउटच्या संख्येवरून पडलेले '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे शब्द इथे घराघरांत माहीत आहेत. काही मैदानं प्रन्यासकडून महापालिकेकडे हस्तांतरित झाली, काही नाही. मी दोन्हीकडे विचारलं, चार चकरा झाल्या आणि शेवटी फाइल एका ठिकाणी सापडली. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. खाली सांगते ते कुठेही लागू पडेल.

एरवी अशा वेळी लोक नगरसेवकाकडे जातात. पण महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे होता. वॉर्डातला माणूस सभागृहात उभा राहून 'त्या मैदानाचं काय झालं' असं विचारतो, तेव्हा अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. ते विचारणारं त्या काळात कोणी नव्हतं. म्हणून हे आम्हीच करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे पाच जणी आणि बाजूचे काका.

काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मी पानभर तक्रार लिहून त्यांना दाखवायला नेली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, "अर्ज-बिर्ज नंतर. पहिले एमबी पाहा. आणि फायनल बिल निघालं का ते पाहा. एकदा बिल निघालं, की मग कोणाला शोधत फिरणार तुम्ही?"

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराने काय केलं, किती लांब, किती रुंद, किती खोल, हे कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून त्यात लिहितो. त्या आकड्यांवर बिल निघतं. मला तोपर्यंत वाटायचं की देखरेख म्हणजे साहेबाची गाडी येणं, पाहणी, फोटो. खरी देखरेख त्या पुस्तिकेच्या रकान्यांत असते.

राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा एक निर्णय आहे. त्यानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कार्यालयात जाऊन अभिलेख पाहता येतात. हे काकांनाही ठाऊक नव्हतं, मला माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सांगितलं. निर्णयाची प्रत छापून घेऊन एका सोमवारी गेले. समोरच्या बाईंनी ती दोनदा वाचली, आत जाऊन विचारून आल्या आणि फाइल पुढ्यात ठेवली. त्यात अंदाजपत्रक होतं, कार्यादेश होता. एमबी नव्हती. "ती साहेबांकडे आहे."

अंदाजपत्रकातली सातवी बाब वाचली आणि मी पेन खाली ठेवलं. 'खेळणी बसविण्याच्या जागी ३०० मि.मी. खोल खोदकाम करून धुतलेली वाळू भरणे.' म्हणजे ज्याने अंदाजपत्रक केलं त्याला माहीत होतं की झुल्याखाली मऊ जमीन हवी. मुलं पडतात हे त्याने धरलेलं होतं. कागदावर ती मुलगी वाळूवर पडली होती, तिला काहीच झालं नव्हतं.

त्या रात्री मी खेळण्यांच्या सुरक्षिततेवरचं वाचत बसले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मैदानांवरची पुस्तिका आहे, ती फार स्पष्ट लिहिलेली आहे. झुला ज्या उंचीवर अडकवलेला असतो, तिथपासून खालपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी हवी. काँक्रीट, डांबर झुल्याखाली नकोच. साधी माती किंवा गवतही त्यांनी पुरेसं मानलेलं नाही, कारण पायांनी ते झिजून कडक होतं. लोखंडी घसरपट्टी उन्हात नको, असंही त्यात आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि आमची पत्र्याची घसरपट्टी पश्चिमेला तोंड करून उभी होती.

४ डिसेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून गाऱ्हाणं सांगायला जागाच नसते आणि ते बरंच आहे. माझ्या अर्जात एवढंच होतं: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, आजपर्यंत दिलेल्या देयकांचा तपशील, दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत ठेकेदाराला कामातले दोष दुरुस्त करून द्यावे लागतात) कधी संपतो, आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी. हे शेवटचं फार कमी लोक मागतात. २००५ च्या कायद्यात 'माहितीचा अधिकार' म्हणजे फक्त झेरॉक्स नाही. कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं, हेही त्या व्याख्येत आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलले नाही.

तीस दिवस गेले, उत्तर आलं नाही. ८ जानेवारीला वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणी ६ फेब्रुवारीला झाली, दहा मिनिटांत आटोपली. मुदतीत माहिती दिली नाही तर ती विनामूल्य द्यावी लागते, हे मी सांगायच्या आधी अपिलीय अधिकाऱ्यांनीच सांगितलं. पंधरा दिवसांत कागद द्या आणि पाहणीची तारीख कळवा, असा आदेश झाला. माझी धाकधूक वेगळीच होती. मार्च जवळ येत होता, आणि मार्चअखेर बिलं कशी निघतात हे काका रोज सांगत होते.

एमबीची पानं हातात आली ती २० फेब्रुवारीला. काका चष्मा पुसून बसले, मी शेजारी मुलीची पाटी घेऊन. सातव्या बाबीसमोर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ९.०० × ४.०० × ०.३०, बरोबर १०.८० घनमीटर. वाळू. आणि पुढच्या पानावर गट्टूंचं मोजमाप होतं, त्यातही हाच नऊ बाय चारचा पट्टा धरलेला. एकाच जागेवर वाळूही भरली आणि गट्टूही बसवले. दोन चालू देयकं देऊन झाली होती. अंतिम देयक बाकी होतं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी त्या १०.८० खाली पेन्सिलने हलकी रेघ ओढली आणि म्हणाले, "आता चला, खोदून पाहू."

५ मार्चला सकाळी संयुक्त पाहणी ठरली. कनिष्ठ अभियंता आले, ठेकेदाराचा सुपरवायझर आला, आम्ही पाच जणी, काका, आणि हनुवटीवर बारीक रेघ उरलेली ती मुलगी आईचं बोट धरून. मी टेप आणली होती. झुल्याच्या बरोबर खालचे सहा गट्टू सब्बलीने उचकटले. खाली दोन बोटं चुरी निघाली, गिट्टीची बारीक भुकटी. त्याखाली आपली काळी माती, भेगाळलेली. वाळूचा कण नव्हता. अभियंत्यांनी स्वतः टेप धरली, ४ सेंटीमीटर वाचलं आणि काही वेळ तसेच उकिडवे बसून राहिले.

त्यांच्याबद्दल मला राग धरता आला नाही. तरुण मुलगा, माझ्या भाच्याच्या वयाचा. कितीतरी मैदानं, त्यात रस्ते आणि नाल्या, सगळं एकट्याच्या अंगावर. प्रत्येक खड्डा त्याने डोळ्यांनी पाहिला असेल असं मानणं कठीण आहे. ठेकेदाराने आकडे दिले असतील, त्याने लिहिले असतील. पण आकडा लिहून खाली सही केली की तो पाहिल्याचा दाखला होतो. हे मी त्याला तिथेच सांगितलं, आवाज न चढवता. तो म्हणाला, "ताई, पंचनामा लिहा. मी सही करतो."

पंचनामा मी तिथेच, कट्ट्यावर बसून लिहिला. ही गोष्ट मी कोणालाही कळकळीने सांगेन: पाहणी झाली की जागेवरच लिहा. 'कार्यालयात जाऊन टाइप करू' म्हटलं की शब्द बदलतात. 'सहा गट्टू काढून पाहिले असता वाळू आढळली नाही. चुरीचा थर ४ सें.मी. त्याखाली काळी माती.' आठ सह्या झाल्या. सुपरवायझरने सही केली नाही, तेही नोंदवलं. त्याच दुपारी पंचनाम्याची प्रत आणि 'अंतिम देयक रोखावे' असा अर्ज आवकला दिला.

देयक थांबलं. दोनदा मोजलेल्या पट्ट्याची रक्कम कापून घ्यायचं आणि काम त्याच कार्यादेशात दुरुस्त करून घ्यायचं लेखी ठरलं. मग नव्याने चर्चा सुरू झाली ती वाळू टिकेल कशी याची, आणि इथे काकांचा अनुभव कामाला आला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर नुसती वाळू टाकली तर दोन पावसाळ्यांत चिखल होतो. म्हणून आधी खड्डा, तळाला गिट्टी, पाणी जायला उतार, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी खाली जाऊ देणारं, पण वाळू आणि माती मिसळू न देणारं), मग वाळू, आणि कडेला बसक्या उंचीची कड. कापडाची बाब अंदाजपत्रकात नव्हती, तो खर्च आम्ही घराघरांतून वर्गणी काढून केला. काही जणांना ते पटलं नाही, सरकारी कामाला आपण का पैसे घालायचे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं चूक नव्हतं. पण मला आणखी एक पावसाळा वाट पाहायची नव्हती.

मैदानाच्या मधल्या भागातही गट्टू टाकायचा विचार चालला होता, 'चिखल होत नाही' म्हणून. तो आम्ही लेखी हरकत घेऊन थांबवला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ती रात्र शहर विसरलेलं नाही. पाणी मुरायला जेवढी उघडी माती उरली आहे तेवढी तरी राहू द्या, एवढंच आम्ही त्या हरकतीत लिहिलं होतं.

काम झालं मे महिन्यात, भर उन्हात. मजूर पहाटे पाचला येत आणि दहाला थांबत. आम्ही माठ भरून ठेवायचो, कोणी पन्हं आणायचं. कन्हानच्या वाळूचा ट्रक आला तेव्हा मुलं ढिगावर चढली आणि त्यांना कोणी उतरवेना. घसरपट्टी उचलून कडुनिंबाखाली नेली. गट्टू काढले ते वाया घालवले नाहीत, फाटकाजवळच्या खचलेल्या वाटेला लावले. भरलेली वाळू या वेळी मोजली ती टेप आमच्या हातात असताना: पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी ३० सेंटीमीटर. ते आकडे एमबीत लिहिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

ती मुलगी पहिले दोन-तीन दिवस कडेलाच उभी राहिली. मग एकदा माझ्या मुलीने तिला मुद्दाम वाळूत पडून दाखवलं, पाठीवर, हात पसरून. त्यानंतर ती बसली झुल्यावर.

आता घरातल्या लोखंडी पट्टीवर मी लाल रेघ मारून ठेवली आहे. दर पावसाळ्यानंतर आणि दर उन्हाळ्याच्या सुटीआधी आम्ही पाच ठिकाणी ती वाळूत खुपसतो आणि आकडे वहीत लिहितो. कापड असलं तरी पायांनी वाळू बाहेर जाते, झुल्याच्या बरोबर खाली तर खळगाच पडतो. गेल्या आठवड्यात तिथे १९ सेंटीमीटर भरली. दोष दायित्व कालावधी अजून संपलेला नाही. अर्ज लिहून ठेवला आहे, दोन प्रती काढल्या आहेत, सोमवारी तीन वाजता जाणार आहे.