जुन्या ट्रॅव्हलरचं घर: आधी कागद, मग चूल

कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, पुराचा विचारायचा. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं शिरोलीजवळ महामार्गच बंद पाडला होता. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून, नवी सीटकव्हरं घालून बाजारात आल्या असतील, देव जाणे. म्हणून गाडी बघायला गेलं की मी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. वरचा पट्टा सगळे पुसतात, आत गुंडाळलेला कुणी पुसत नाही. तिथं गाळाची पिवळट रेघ दिसली की आम्ही चहा घेऊन परत. सीटच्या रुळांखाली आणि फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यातही बोट फिरवून बघायचं. विकणारे वैतागतात, वैतागू देत.

आम्हा दोघांना निवृत्तीनंतर वर्षातले बरेच महिने बाहेर काढायचे होते, तेही हॉटेलं बदलत नाही, तर आपल्याच अंथरुणावर झोपून. मी बँकेतली आणि यांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेलेली. त्यामुळं तयार कॅरव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, विकत घ्यायचा विचार यांच्या डोक्यात टिकलाच नाही. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि घर आपण करायचं, असं ठरलं.

ट्रॅव्हलरच का, तर ती कुठंही दुरुस्त होते. १९८७ पासून ही गाडी रस्त्यावर आहे. कंपनीचं नाव तेव्हा बजाज टेम्पो होतं, फोर्स मोटर्स झालं ते २००५ मध्ये. जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाच्या घराण्यातलं. आत उभं राहता येतं आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा कमी. राजस्थानातल्या आडगावातला मिस्त्रीसुद्धा बॉनेट उघडून "हां, यह तो अपनी ही है" म्हणतो, यातच सगळं आलं. नव्या गाडीत लॅपटॉप जोडल्याशिवाय कुणी पान्याला हात लावत नाही.

आम्हाला मिळाली ती एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी, पिवळ्या पाटीची. आणि इथंच बहुतेक लोक अडकतात. गाडी आणली की लगेच सीट काढायच्या, सुतार बोलवायचा, फोटो टाकायचे. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, मात्र ती अजून बसच असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. आधी आरटीओची मंजुरी, मग काम. काम झाल्यावर चौदा दिवसांत कळवायचं, मग तपासणी, मग आरसीवर नोंद. अशा घर केलेल्या गाडीला, म्हणजे कॅम्पर व्हॅनला, कायद्यात जागा आहे. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन खासगी, म्हणजे 'नॉन-ट्रान्सपोर्ट' गटात धरली आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे. ही दोन्ही कागदं मी छापून फाईलला लावली होती, कारण खिडकीवरच्या प्रत्येक माणसानं कॅम्परचा अर्ज पाहिलेला असतोच असं नाही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळं मला फाईलची भीती वाटत नाही. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलाचे. गाडीवर जुनं कर्ज होतं, ते फिटल्याचा फॉर्म ३५. थकलेला कर आणि ऑनलाइन चलनं आधीच्या मालकाकडून भरून घेतली, पैसे त्यानंतरच हातावर ठेवले. मग बदलाचा अर्ज आणि सोबत आतल्या मांडणीचा नकाशा. यांनी तो आलेखाच्या कागदावर काढला, मिलिमीटरसकट. पलंग कुठं, ओटा कुठं, सिलिंडर कुठं, बसायच्या सीट किती राहणार, सगळं. एजंट म्हणाला होता, "काकू, एवढं कशाला करतासा, मी बघतो की." त्याला म्हटलं, तू बघ, पण मी तुझ्या शेजारी उभी राहून बघणार. मग तो आलाच नाही.

आरटीओसाठी चेसीस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबरचा, ठसा घ्यायचा म्हणजे एक सोहळाच. नंबर चेसीसवर कोरलेला, त्याच्यावर वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती. यांनी रॉकेलच्या फडक्यानं तेवढी पट्टी चकचकीत केली, वर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी धरून हळूहळू घासली. एकेक अंक वर यायला लागला, तसा मी आरसी हातात धरून मोठ्यानं वाचत होते. एक आकडा धड उमटत नव्हता, तो ३ की ८? पुन्हा रॉकेल, पुन्हा कागद. साहेबांनी भिंगाखाली धरला तो नेमका तोच आकडा.

तपासणीला गाडी नेली तेव्हा अधिकाऱ्यांनी पलंगाचा कोपरा धरून हिसका दिला, कपाट ओढून पाहिलं, सिलिंडर पट्ट्यानं बांधलाय का पाहिलं. हलणारं काही चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. घाटात ब्रेक लागला की मागचं कपाट पुढं यायला वेळ लागत नाही. बाकी हेलपाटे झाले ते झाले, त्याचं पुराण सांगत नाही. नोंद झाल्यावर त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीतही बदल करून घेतला. आरसीवर कॅम्पर आणि पॉलिसीवर बस असेल तर अपघातानंतर कोण कुणाला ओळखणार?

पुढं गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा फॉर्म २५ भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली. एप्रिल २०२२ पूर्वी याला सहाशे रुपये लागायचे, आता पाच हजार. शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागते. परवान्याची काळजी मात्र नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलं की साधा एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचा, परवाना चालतो.

आता घर. मी ओट्याच्या रंगाचा विचार करत होते आणि मिस्त्री छताकडं बघत होता. "काकू, छत बघितलासा काय? आत पाणी यायलंय, तुमास्नी दिसंना झालंय एवढंच." आतलं अस्तर खाली ओढलं तर रिव्हेटांभोवती गंजाची तपकिरी फुलं. सगळा पत्रा घासून, रेड ऑक्साईड मारून, सांधे पीयू सीलंटनं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लवचीक लुकणानं, बुजवले. मग गाडी पावसात मुद्दाम गगनबावड्याला नेऊन उभी केली. तिथल्या पावसात जे छत गळलं नाही ते कुठंच गळणार नाही, हा मिस्त्रीचा हिशोब आणि तो मला पटला. उष्णता अडवायला आतून काचलोकर (ग्लासवूल) भरू नका. ती ओल धरते आणि पत्रा आतून खाते. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम चिकटवा. बाहेरून छत पांढरं रंगवलं, त्याचा फरक उन्हाळ्यात सोलापूरला कळला.

सुतारकामात यांचं आणि माझं जरा वाजलं. सुतार घरातल्यासारखं अठरा एमएमच्या प्लायचं सगळं करायला निघाला होता. आठ बाय चारचा असा एक बोर्ड पस्तीस किलोच्या आसपास जातो. असे सात-आठ बोर्ड, वर शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर बॅटरी, वर आम्ही. आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, ते काही शोभेला नाही. बारा एमएमवर तडजोड झाली, दारं त्याहून पातळ. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घेतली आणि ती फाईलला लावली. पाण्याची टाकी साठ लिटरवर आणली. दोघांना काटकसरीनं दोन दिवस पुरते.

विजेचा हिशोब यांनी पाटीवर मांडला होता. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-अवर, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाती ९००. त्यात पंखा, दिवे, मोबाइल आणि थेट बॅटरीवर चालणारा छोटा डीसी फ्रिज कसाबसा बसतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण वजन कितीतरी कमी आणि बहुतेक सगळी वापरता येते. शेवटी तीच घेतली. इंडक्शन शेगडीचा हट्ट माझा होता, तो या हिशोबानंच मोडला: १,५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअर, मनगटाएवढ्या केबली ओढायच्या का? छतावर सोलर आहे, पण आषाढात त्याच्या भरवशावर राहू नये. गाडी चालताना अल्टरनेटरवरूनही, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरूनही, बॅटरी भरेल अशी जोडणी करून घ्या.

स्वयंपाक पाच किलोच्या सिलिंडरवर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. वरची खिडकी उघडी ठेवून काही होत नाही. ही एक गोष्ट मी भेटणाऱ्या प्रत्येक कॅम्परवाल्याला विचारते आणि निम्मे जण गप्प बसतात. तांबडा रस्सा गाडीत एकदाच केला. वास दोन राज्यं सोबत आला. आता मटण ढाब्यावर, गाडीत पिठलं-भाकरी आणि भात-आमटी.

रात्री कुठं राहता, हा सगळ्यांचा प्रश्न. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, पण आमच्या बहुतेक रात्री पेट्रोल पंपावर आणि ढाब्यावर जातात. अंधार पडायच्या आत पोचायचं. मी स्वतः उतरून विचारते, "दादा, रात्रीपुरती गाडी लावू का? जेवण इथंच करतो." बाईमाणूस विचारतंय म्हटल्यावर नाही कुणी म्हणत नाही, उलट पाण्याची टाकी भरून घ्या म्हणतात. गाडीचं तोंड रस्त्याकडं ठेवायचं आणि किल्ली उशाला. जागा मनाला पटली नाही तर जेवून पुढं निघायचं, कारण द्यायची गरज नसते.

उत्तरेला जाताना मात्र रस्ता आखावा लागतो. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्ली परिसरात हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि पुढं त्यात फेरफार होत राहिले. हा परिसर म्हणजे नुसती दिल्ली नव्हे. हरियाणाचे कितीतरी जिल्हे आणि राजस्थानचे अलवर, भरतपूरही त्यात येतात. म्हणून आम्ही जयपूरकडं वळतच नाही. जोधपूर, बिकानेर, श्रीगंगानगर करत अबोहरला पंजाबात शिरतो. हा वळसा घेतला की डिझेल जास्त जातं. पण वाटेत नाक्यावर कागद मागितले की मी फाईल खिडकीतून बाहेर देते आणि चहाचं आधण उतरवायलासुद्धा उठत नाही.